तेलाची दरी आणि काचेवरची साक्ष

माझ्या आजोळी १९७०च्या दशकात विजेचे दिवे आलेले होते. परंतु वीज पाहुण्यासारखी येई आणि जाई. म्हणून आजी तिन्हीसांजेच्या आधीच कंदिलाची काच राखेने पुसून लखलखीत करून ठेवी. कंदिलात घालावयाच्या तेलास ती रॉकेल म्हणे. शेजारच्या काकू त्याच तेलास घासलेट म्हणत. लहानपणी मला ही दोन निरनिराळी तेले वाटत. पुढे समजले की तेल एकच, आणि दोन्ही नावे इंग्रजीतून येऊन मराठी मुलखात रुळलेली. घासलेट हे ‘गॅसलाइट’चे रूप, आणि रॉकेल हे ‘रॉक ऑइल’चे. रॉक ऑइल म्हणजे खडकातून निघणारे तेल.

या घरगुती शब्दाचा माग काढीत गेल्यास आपण थेट अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, एका अरुंद दरीत जाऊन पोहोचतो. १८५४ साली जॉर्ज बिसेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेथील जमिनीवर जी मंडळी स्थापिली तिचे नावच मुळी ‘पेनसिल्व्हेनिया रॉक ऑइल कंपनी’ असे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील दिव्याचे तेल पत्र्याच्या डब्यांतून, दोन-दोन डबे एका लाकडी खोक्यात घालून, मुंबई बंदरात उतरू लागले. तेल जळून गेले, डबे मात्र उरले. कोणी त्यांत पाणी भरले, कोणी धान्य साठविले, कोणी ते कापून गोठ्यावर पत्रा म्हणून ठोकले. आपल्या आजी-पणजीच्या संसारात असा त्या दूरच्या दरीचा एक अंश येऊन राहिला होता.

तो प्रकाश आपल्याकडे आला. पण जेथून आला त्या दरीचे काय झाले? या प्रश्नाचे उत्तर आज आपल्याला बरेचसे देता येते, ते मुख्यत्वे एका छायाचित्रकारामुळे. सुवर्णमहोत्सवी अंकासाठी इतिहासविषयक लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा मराठ्यांच्या पराक्रमाचा एखादा विषय निवडावा असे प्रथम मनात आले होते. तरीही या छायाचित्रकाराची कथा मी निवडली. त्यास एक वैयक्तिक कारण आहे. ते यथावकाश सांगेन.

दरीचे नाव ऑइल क्रीक. टायटसव्हिल या गावापासून ऑइल सिटीपर्यंत सुमारे पंधरा मैल वाहणारा हा ओढा पुढे अ‍ॅलेगेनी नदीस मिळतो. त्याच्या पाण्यावर पूर्वीपासूनच तेलाचा तवंग दिसत असे. तेथील मूळचे सेनेका लोक हे तेल गोळा करून औषधासाठी वापरीत. पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांनीही ते बाटल्यांत भरून औषध म्हणून विकले. दोन्ही अंगांस हेमलॉक आणि पाइन वृक्षांनी भरलेल्या उभ्या टेकड्या, मध्ये थोडीशी सपाट जमीन, त्यावर पोटापुरती शेती आणि लाकूड कापण्याच्या काही गिरण्या, असे त्या दरीचे साधे रूप होते.

१८५५ साली येल विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक बेंजामिन सिलिमन यांनी या तेलाचे पृथक्करण करून त्यापासून उत्तम दिव्याचे तेल निघेल असा अहवाल दिला. देवमाशाचे तेल महाग होत चालले होते, आणि घराघरास रात्रीचा उजेड तर हवाच होता. प्रश्न एवढाच होता की, तवंग फडक्याने टिपून मिळणाऱ्या तेलावर जगाचे दिवे कसे पेटावे? हे कोडे सोडविण्यासाठी एडविन ड्रेक नावाचा, पूर्वी रेल्वेत कंडक्टर असलेला गृहस्थ टायटसव्हिलला पाठविण्यात आला. गावात वजन पडावे म्हणून मालकांनी त्याला पत्रांतून ‘कर्नल’ ही पदवी बहाल केली. वस्तुतः सैन्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मिठाच्या विहिरी पाडणाऱ्या विल्यम स्मिथ या लोहाराला हाताशी धरून त्याने छिद्र पाडण्यास प्रारंभ केला. वरची भुसभुशीत माती सारखी ढासळे, म्हणून ड्रेकने लोखंडी नळ खडकापर्यंत ठोकून घातला आणि त्याच्या आतून पहार चालविली. ही युक्ती पुढे साऱ्या जगाने उचलली. ड्रेकने तिचे एकस्व मात्र घेतले नाही. २७ ऑगस्ट १८५९ रोजी साडेएकोणसत्तर फुटांवर पहार एका फटीत घसरली. दुसऱ्या दिवशी रविवारी स्मिथने नळात डोकावून पाहिले, तो तेल वर आलेले!

पुढील दोन वर्षांत जे घडले त्यास उद्योग म्हणावे की उन्माद, हा प्रश्नच आहे. १८५९ साली त्या प्रदेशातून सुमारे दोन हजार पिंपे तेल निघाले. १८६० साली पाच लाखांच्या आसपास, आणि १८६१ साली वीस लाखांहून अधिक. १८६०च्या आरंभी पिंपास वीस डॉलरपर्यंत भाव होता; १८६१च्या अखेरीस तो दहा सेंटपर्यंत कोसळला. म्हणजे तेलापेक्षा ते ज्यात भरावयाचे ते रिकामे पिंप महाग, अशी अवस्था आली. तरीही विहिरी पाडण्याचे थांबले नाही. त्याचे कारण जमिनीच्या व्यवहारात होते. शेतांचे लहान लहान तुकडे भाडेपट्ट्याने दिले गेले होते. भूगर्भातील तेलास कुंपण घालता येत नाही. जो आधी उपशील त्याचे ते तेल, असा तेथील व्यवहार होता. मी थांबलो तर शेजारी माझेही तेल ओढून नेईल, या भीतीने प्रत्येकजण आपल्या तुकड्याच्या अगदी कडेला मनोरा उभारी. आपल्याकडे एका विहिरीचे पाणी दुसरीत गेल्यावरून भाऊबंदांत जे घडते, तेच तेथे सहस्रपटीने घडले.

याच सुमारास, १८६० साली, जॉन एकेड मॅथर नावाचा एक छायाचित्रकार टायटसव्हिलला येऊन स्थायिक झाला. त्याचा जन्म १८२९ चा, इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातला. तोही आपल्यासारखाच घर सोडून दूर आलेला. १८५६ च्या सुमारास तो अमेरिकेत आला, फिरतीवर चेहऱ्यांची छायाचित्रे काढून पोट भरू लागला आणि तेलाच्या बातमीने या दरीत ओढला गेला. पुढील जवळजवळ तीस वर्षे त्याने ही दरी सोडली नाही.

त्या काळचे छायाचित्रण म्हणजे काय उपद्व्याप होता हे आज, जेव्हा शाळकरी मुलाच्या खिशातही कॅमेरा असतो, तेव्हा मुद्दाम सांगावयास हवे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रचारात आणलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेच्या तावदानावर कलोडियन नावाचा चिकट द्राव ओतावयाचा, ते सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून प्रकाशास संवेदनशील करावयाचे, आणि ओले असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे. नंतर ते लागलीच अंधाऱ्या खोलीत नेऊन रसायनांनी सिद्ध करावयाचे व धुवावयाचे. हे सारे काही मिनिटांत उरकावे लागे. काच वाळली की श्रम फुकट. म्हणजे छायाचित्रकाराबरोबर त्याची अंधारखोलीही हिंडली पाहिजे. मॅथरने यासाठी सपाट तळाची एक नावच सजविली. तीत कार्यशाळा, तीतच अंधारखोली, असा आपला संसार घेऊन तो ऑइल क्रीकवरून विहिरी-विहिरींपाशी जाई.

उद्योगाचे छायाचित्रण हा प्रकारच तेव्हा नवा होता आणि तो केवळ अमेरिकेत चालला होता असेही नाही. ‘मुंबई फोटोग्राफिक सोसायटी’ १८५४ सालीच स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामांकित हिंदी छायाचित्रकारांपैकी एक होते. मॅथर ऑइल क्रीकवर हिंडत होता त्याच वर्षांत आपल्या सह्याद्रीत बोरघाटाचा रेल्वेमार्ग कोरला जात होता. त्या कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालविला. घाटाच्या कामाचा जो जुना छायाचित्रसंग्रह तिच्या नावाने ओळखला जातो, त्यात फोडलेले कडे, अर्धवट कमानी आणि त्यांच्यापुढे मुंगीएवढी दिसणारी माणसे आहेत. १८६३ साली घाट खुला झाला. आपण सुटीत गावी जाताना खंडाळ्याच्या बोगद्यांतून ज्या मार्गाने जातो, त्याच्या जन्माची ती चित्रे होत. उद्योगाने डोंगरास प्रथम हात घातला आणि त्याच वेळी कॅमेराही तेथे हजर होता. असा योग इतिहासात त्यापूर्वी कधी आलेला नव्हता.

आता मॅथरच्या चित्रांकडे वळू. त्यांपैकी बरीचशी चित्रे विहिरींच्या मालकांच्या सांगण्यावरून, त्यांना विकण्यासाठीच काढलेली आहेत. माझी विहीर, माझे मनोरे, माझी माणसे, हे मालकाला आप्तेष्टांस व भागधारकांस दाखवावयाचे असे. त्यामुळे चित्रांतील मंडळी रुबाबात उभी आहेत. कोणी पिंपावर बसले आहे, कोणी मनोऱ्याच्या आडव्या फळीवर चढले आहे. काच घेत असताना हललेल्या माणसाची आकृती पुसट होई, म्हणून सारेजण श्वास रोखल्यासारखे स्तब्ध आहेत. पण या स्तब्ध माणसांच्या मागे आणि पायांखाली जे आहे, ते कोणी कोणास दाखविण्यासाठी मांडलेले नव्हते.

पायोनियर रन, बेनिंगहॉफ रन या ओहोळांच्या काठची चित्रे पाहावीत. उतारावर झाडे नाहीत. आहेत ते बुंध्यांचे खुंट, आणि खुंटांच्या मधून उगवल्यासारखे शेकडो लाकडी मनोरे. अरण्य जाऊन त्याच लाकडाचे दुसरे अरण्य उभे राहिले होते. मनोऱ्यासाठी लाकूड, बाष्पयंत्राच्या भट्टीसाठी लाकूड, पिंपांसाठी लाकूड, टाक्यांसाठी, झोपड्यांसाठी, चिखलात टाकावयाच्या फळ्यांसाठी लाकूड. काही वर्षांतच टेकड्या बोडक्या झाल्या. मुळे गेल्यावर पावसाने माती खाली आणली. रस्ते असे नव्हतेच. पिंपे लादलेल्या गाड्यांचे घोडे पोटापर्यंत चिखलात रुतत. त्या चिखलात तेल मिसळलेले असे, आणि त्याने घोड्यांच्या अंगावरील केस झडून जात.

पाण्याची गत याहून वेगळी नव्हती. १८६१ साली फिलिप्स क्रमांक दोन ही विहीर दिवसाला चार हजार पिंपे या वेगाने उसळू लागली, तेव्हा एवढे तेल साठविण्यास ना टाक्या पुरेशा होत्या, ना पिंपे. अशा उसळत्या विहिरींचे कितीतरी तेल सरळ ओढ्यात जाई. जे तेल पिंपांत भरले जाई तेही ओढ्यावाटेच जाई. गिरण्यांच्या बंधाऱ्यांत पाणी अडवून ठेवीत आणि ठरल्या दिवशी एकदम सोडीत. त्या कृत्रिम पुरावर स्वार होऊन शेकडो नावा ऑइल सिटीकडे धावत. त्यांची टक्कर झाली म्हणजे पिंपे फुटत आणि दरीभर तेल पसरे. फिलिप्स आणि तिच्या शेजारची वुडफर्ड या दोन विहिरींचे मॅथरचे चित्र प्रसिद्ध आहे. दोन मनोरे जवळजवळ उभे आहेत. दोघांचे तोंड एकाच तेलाला लागलेले होते. चित्रात ते सख्खे भाऊ वाटतात. व्यवहारात ते एकमेकांच्या तोंडचा घास काढून घेत होते.

या दरीतील नित्याची भीती म्हणजे आग. १७ एप्रिल १८६१ रोजी हेन्री राउस याच्या जागेतील विहीर अकस्मात उसळली. तेलाबरोबर निघालेल्या वायूने पेट घेतला आणि स्वतः राउससह एकोणीस माणसे प्राणास मुकली. त्याच्या नावाने वसलेल्या राउसव्हिल गावात इडा टार्बेल हिचे बालपण गेले. पुढे १९०४ साली ‘स्टँडर्ड ऑइल’ कंपनीचा इतिहास ग्रंथरूपाने लिहून बलाढ्य रॉकफेलरच्या कारभाराचे जाहीर परीक्षण करणारी विदुषी ती हीच. या दरीतील वास्तव काचेवर उतरविणारा मॅथर आणि कागदावर उतरविणारी टार्बेल, अशी दोन माणसे त्या मातीशी जोडलेली आहेत.

मनोऱ्यांइतकीच गावेही झपाट्याने वाढली आणि तितक्याच झपाट्याने गेली. पिटहोल या गावाची कथा एखाद्या पुराणातील शापित नगरीसारखी आहे. जानेवारी १८६५ मध्ये तेथे पहिली मोठी विहीर लागली, मे महिन्यात शेतात गावाची आखणी झाली आणि सप्टेंबरपर्यंत तेथे सुमारे पंधरा हजार माणसे राहू लागली. पन्नासावर हॉटेले, नाटकगृह, वर्तमानपत्र, गजबजलेले टपालघर, सारे काही होते. याच गावापासून सॅम्युएल व्हॅन सायकल याने १८६५ मध्ये सुमारे पाच मैल लांबीची तेलाची नळवाहिनी रेल्वेच्या ठाण्यापर्यंत टाकली. तिच्यामुळे आपला धंदा बुडणार हे ओळखून गाडीवानांनी ती फोडण्याचाही प्रयत्न केला. पण गाडीवानांआधी गावच बुडाले. आगी लागल्या, विहिरी आटल्या, माणसे दुसऱ्या बातमीच्या मागे निघून गेली. १८७० च्या शिरगणतीत तेथे तीनशे माणसेदेखील उरली नव्हती, आणि १८७७ साली गावाची सनदही रद्द झाली. आज तेथे गवताळ उतार आहे. जुन्या रस्त्यांच्या जागी गवत कापून वाटा राखलेल्या आहेत.

आता ते वैयक्तिक कारण सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, सेवेच्या सुरुवातीच्या काळात, घरापासून फार लांबच्या एका जिल्ह्यात माझी नेमणूक होती. एका प्रकल्पासाठी जमीन पाहण्याच्या पथकात मी कनिष्ठ अधिकारी होतो. कचेरीचा कॅमेरा माझ्या गळ्यात होता आणि छत्तीस चित्रांचा एक रोळ मला दिलेला होता. मी छायाचित्रे काढली. त्यांतली तीन फाइलीत डकविली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिले की, ही जमीन पडीक असून तिच्यावर कोणाची वहिवाट नाही. अहवाल मान्य झाला. साहेबांनी पाठ थोपटली.

दहा-बारा वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी ती फाइल माझ्या टेबलावर आली. मी माझीच छायाचित्रे परक्याच्या नजरेने पाहिली. दुसऱ्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात बांबूचे कुंपण होते. कुंपणावर भोपळ्याचा वेल चढलेला होता आणि वेलाच्या पलीकडे दोरीवर लुगडे वाळत घातलेले होते. ते मी काढले होते. पण मी ते पाहिले नव्हते. वहिवाट नाही असे मीच लिहून दिल्यावर त्या कुंपणाचा, त्या भोपळ्याचा मोबदला कोणास मिळाला असण्याचा संभव नव्हता. मी टिपण लिहून ही गोष्ट वर कळविली. प्रकरण पूर्वीच निकालात निघाले आहे, फाइल बंद करावी, असा शेरा येऊन ती परत आली. शेरा नियमास धरूनच होता. चूक शेऱ्याची नव्हती. चूक त्या चित्राखालच्या माझ्या ओळीची होती. ते लुगडे वाळत घालणारी बाई पुढे कोठे गेली, हे आता मला कधीच कळणार नाही.

मॅथरची चित्रे मी प्रथम एका ग्रंथात पाहिली ती त्यानंतर. म्हणूनच कदाचित माझी नजर मनोऱ्यांवर न थांबता थेट खुंटांवर गेली. मला वाटते, जुन्या औद्योगिक छायाचित्रांचे खरे मोल हेच आहे. चित्रकार रंगविताना नको ते गाळू शकतो. लेखक तर गाळतोच, आणि सरकारी लेखक विशेषच! काचेला मात्र गाळण्याची बुद्धी नाही. मालकाने मनोऱ्यासाठी पैसे दिले. काचेने मनोऱ्याबरोबर खुंटही घेतले, चिखलही घेतला, तेलाने काळवंडलेला ओढाही घेतला. खोटे शिरते ते बहुधा चित्राखालच्या ओळीतून. याचे उत्तम उदाहरण मॅथरच्याच सर्वांत गाजलेल्या चित्राचे आहे. उंच हॅट घातलेला ड्रेक आणि त्याच्या शेजारी एक गृहस्थ, मागे विहिरीचा मनोरा. हे १८५९ चे ऐतिहासिक क्षणचित्र म्हणून कितीतरी ठिकाणी छापले गेले. वास्तविक ते १८६६ साली काढलेले आहे. शेजारचा गृहस्थ विहीर खोदणारा स्मिथ नसून पीटर विल्सन नावाचा औषधविक्रेता आहे. आणि मूळचा मनोरा तर ऑक्टोबर १८५९ मध्येच जळून गेला होता, चित्रातला आहे तो पुन्हा बांधलेला. काचेने काही खोटे सांगितले नाही, ओळीने सांगितले.

ज्यांनी हा इतिहास घडविला व ज्याने तो टिपला, त्यांच्या पदरी लक्ष्मी आली नाही. ड्रेक विपन्नावस्थेत गेला. १८७३ साली राज्याने त्यास वर्षाला दीड हजार डॉलरचे निवृत्तिवेतन दिले आणि १८८० साली तो निवर्तला. मॅथरनेही तेलाच्या मोहात पैसे घालून हात पोळून घेतले. जून १८९२ मध्ये ऑइल क्रीकला महापूर आला. पुराने तेलाच्या टाक्या फुटल्या, पाण्यावर पसरलेले तेल पेटले, आणि पूर व आग एकाच वेळी टायटसव्हिल आणि ऑइल सिटीवर कोसळली. शंभराहून अधिक माणसे दगावली. मॅथरच्या कार्यशाळेतील हजारो काचा त्यात नष्ट झाल्या. ज्या दरीचे अपराध त्या काचांवर नोंदलेले होते, त्या दरीनेच जणू आपली नोंद पुसून टाकली! तरीही तीन हजारांहून अधिक काचा वाचल्या. १९१५ साली मॅथर वारला. त्याच्या त्या काचा आज टायटसव्हिल येथील ड्रेक वेल संग्रहालयात जतन केलेल्या आहेत.

आज ती दरी हिरवी आहे. तेल अन्यत्र मुबलक सापडल्यावर माणसे पांगली, आणि निसर्गाने शंभर वर्षांत टेकड्या पुन्हा झाडांनी झाकल्या. तेथे आता राज्याचे उद्यान आहे; लोक सायकली फिरवितात, ओढ्यात मासे धरतात. एखादा म्हणेल, मग बिघडले काय? बिघडले एवढेच की, पहिल्या विहिरी बुजविण्याची कोणास सक्ती नव्हती. त्यांतील अनेकींची नोंदच नाही, आणि पेनसिल्व्हेनियाचे शासन आजही अशा निनावी विहिरी शोधून सरकारी खर्चाने बुजवीत आहे. नफा त्या पिढीचा, निस्तरणे या पिढीचे. अशा विस्मृत विहिरींचा शोध घेणारे लोक जुने नकाशे पाहतात, जुनी छायाचित्रेही पाहतात. मालकांच्या हौसेखातर काढलेली चित्रे अशा रीतीने दीडशे वर्षांनी जमिनीच्या उपयोगी पडू शकतात.

आपल्या देशातही तेलाची कथा अशाच एका हिरव्या प्रदेशात सुरू झाली. आसामच्या घनदाट अरण्यात, माकुमजवळ, मार्च १८६७ मध्ये ११८ फुटांवर तेल लागले. ते टिकले नाही. पण रेल्वे टाकणाऱ्या आसाम रेल्वेज अँड ट्रेडिंग कंपनीने १८८९ साली दिगबोई येथे खोदाई आरंभिली आणि पुढल्या वर्षी ६६२ फुटांवर तिला यश आले. १९०१ च्या डिसेंबरात तेथे शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. लाकडे ओढणाऱ्या हत्तीच्या पायाला तेल लागलेले दिसले, ही तेथील दंतकथा अनेकांनी ऐकली असेल. मराठी माणसाच्या दाराशी तेल आले ते त्यानंतर पाऊण शतकाने. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर समुद्रात तेल शोधले आणि मे १९७६ पासून बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. मात्र समुद्रात खुंट उरत नाहीत. तेथील बदल काठावरून कोणाच्या कॅमेऱ्यास दिसत नाहीत.

आसामात मात्र ते दिसले. २७ मे २०२० रोजी तिनसुकिया जिल्ह्यातील बाघजान येथील वायूची विहीर फुटली. ९ जून रोजी तिने पेट घेतला. आग विझविणारे दोन कर्मचारी मृत्यू पावले, घरे जळाली, हजारो लोकांना छावण्यांत जावे लागले, आणि जवळच्या मागुरी-मोटापुंग या पाणथळीवर तेलाचा तवंग पसरला. विहीर पूर्णपणे बंद झाली ती नोव्हेंबरात. ऑइल क्रीक आणि बाघजान यांत दीड शतकाचे अंतर आहे, तरी ज्वाळा त्याच आहेत. एक फरक मात्र फार मोठा आहे. ऑइल क्रीकची चित्रे विहिरीच्या मालकाने पैसे देऊन काढविली. बाघजानची चित्रे ग्रामस्थांनीही आपापल्या मोबाइलवर काढली. कॅमेरा मनोऱ्याच्या बाजूने उभा होता, तो कुंपणाच्या बाजूला येऊन उभा राहिला. आता भोपळ्याचा वेल चित्राच्या कोपऱ्यात राहिलेला नाही.

तेल वाईट, उद्योग वाईट, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. माझ्या आजीच्या कंदिलाच्या उजेडात माझ्या आईने अभ्यास केला, आणि आईने शिकविले म्हणून मी येथवर आलो. आपल्या मंडळातील कितीतरी कुटुंबे कारखाने, रेल्वे, तेलशुद्धीकरण, धरणे यांच्याच निमित्ताने घर सोडून या मुलखात आली. आपली भाकरी त्या मनोऱ्यांशी बांधलेली आहे. म्हणूनच मनोऱ्याभोवतीचे खुंट पाहण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे. ज्याचा लाभ आपण घेतो, त्याची किंमत कोणी दिली हे निदान पाहावे तरी.

जाता जाता एक विनंती. या महोत्सवासाठी जुनी छायाचित्रे गोळा करण्याचे काम सुरू आहे. मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवाचे एक छायाचित्र मी नुकतेच पाहिले. समोर आरतीचे तबक घेतलेली मंडळी आहेत. त्यांतील काही आज आपल्यात नाहीत. त्यांच्या मागे, मांडवाच्या कनातीपलीकडे, मोकळे शेत दिसते, एक मोठे झाड दिसते आणि झाडाखाली मांडवाकडे पाहत उभी असलेली स्थानिक मुले दिसतात. त्या शेताच्या जागी आता आपल्या वसाहतीच्या इमारती आहेत. अशी चित्रे आपल्या घरी असतील तर ती कृपा करून कडेने कातरू नयेत, आणि मागील बाजूस नावे लिहिताना पुढे उभ्या असलेल्यांची लिहावीतच. पण मागचे शेत कोणाचे होते, झाड कोणते होते, हेही ज्यांना ठाऊक आहे त्या ज्येष्ठांना विचारून लिहून ठेवावे. पुढील पन्नास वर्षांनी हा अंक उघडणाऱ्यास आपले चेहरे कदाचित ओळखू येणार नाहीत. ते झाड मात्र त्याला ओळखता यावे.